नव्या हिरवळीला मशीन लावू नका म्हणणाऱ्यांना

तयार लॉनचे तुकडे अंथरून झाले, रोलर फिरला, पाइपने भरपूर पाणी मारून झालं की ठेकेदार निघताना एक सल्ला हमखास देऊन जातो : "आता तीन महिने मशीन लावायचं नाही. वाढू दे. मुळं धरू देत. सकाळ-संध्याकाळ पाणी मात्र चुकवू नका." पुण्यामुंबईच्या सोसायट्या, शाळांची आवारं, हमरस्त्यांलगतची लग्नाची लॉन्स, सगळीकडे हा सल्ला जवळपास याच शब्दांत ऐकू येतो. नर्सरीवाला तोच देतो, बाग सांभाळणारा माळी तोच देतो, आणि सोसायटीच्या सभेत कुणी कापणीचं नाव काढलं की दोन ज्येष्ठ सभासदही तोच देतात. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण सल्ला चुकीचा आहे, आणि नव्याने अंथरलेल्या हिरवळी वर्षभरात विरून जातात त्यामागे ऊन, निकस माती किंवा मुलांच्या खेळापेक्षा या सल्ल्याचाच हात मोठा असतो, असं माझं ठाम मत आहे. तो घरोघरी श्रद्धेने पाळला जातो, म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करायला हवा.

समोरची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती निराधार नाही. उरुळी कांचन, सोरतापवाडी भागातल्या नर्सऱ्यांतून तयार लॉन येतं तेव्हा ते वाफ्यातून पातळ थराने सोलून काढलेलं असतं. तुकड्याबरोबर जेमतेम बोटभर जाडीची माती येते आणि मुळांचा मोठा भाग वाफ्यातच राहून जातो. अशा गवताला नवी मुळं काढायला जे अन्न लागतं ते पानांतच तयार होतं. पानं कापली की अन्न घटलं. शिवाय तुकडे जमिनीला धरलेले नसताना त्यांच्यावरून मशीनचं चाक गेलं, तर तुकडा सरकतो, सांधे उघडे पडतात आणि नुकती निघालेली मुळं तुटतात. म्हणून थांबा, असं हे म्हणणं आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरतं ते पूर्ण बरोबर आहे. माझा वाद त्यानंतरच्या नऊ-दहा आठवड्यांशी आहे.

हिरवळीने जमीन धरली की नाही हे कॅलेंडर सांगत नाही, तुकडा सांगतो. अंथरल्याच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या तुकड्याचा कोपरा उचलून बघा. तो सतरंजीसारखा अलगद वर येतो. खालची बाजू सपाट दिसते, तिच्यात तपकिरी, छाटलेली मुळांची टोकं दिसतात, आणि खालची माती त्या तुकड्याला ओळखतही नाही. दहा-बारा दिवसांनी तोच कोपरा पुन्हा धरला तर तो थोडा अडतो. डोळे जवळ नेले की तुकडा आणि जमीन यांच्या फटीत दोऱ्याइतकी बारीक, पांढरीशुभ्र मुळं ताणलेली दिसतात, आणि त्यांच्या टोकांना मातीचे कण चिकटलेले असतात. आणखी काही दिवसांनी दोन्ही हातांनी ओढूनही कोपरा सुटत नाही, पातीच हातात येतात. त्या दिवशी हिरवळ कापणीला तयार झाली. पावसाळ्यात बर्म्युडा जातीच्या गवताला इथवर यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत लावलं तर जास्त, कारण ही उन्हाळी प्रकृतीची गवतं आहेत; थंडीत त्यांची वाढ मंदावते. कोरियन नावाने विकलं जाणारं बारीक गवत मुळातच सावकाश वाढतं, त्याला घाई करू नये, तिथे माझा आग्रह नाही. तिथेही तीन महिन्यांचा आकडा येतो कुठून, हा प्रश्न उरतोच.

माझ्या मते तो आकडा जुन्या टोचणी पद्धतीतून आला आहे. तयार लॉन मिळायला लागलं नव्हतं तेव्हा गवताच्या काड्या मुळांसकट आणून चार-चार बोटांवर टोचत. किंवा काड्यांचे तुकडे शेण-मातीत कालवून जमिनीवर लिंपत. अशा जमिनीवर सुरुवातीला गवतापेक्षा माती जास्त दिसायची. एकेक काडी सुटी असायची, यंत्राने ती उपटून आली असती. माळी विळ्याने शेंडे मारायचा, आणि हिरवळ भरून यायला दोन-तीन महिने सहज जायचे. त्या पद्धतीत "अजून मशीन लावू नका" हे शहाणपणाचं बोलणं होतं. पण तेव्हाचा माळीही गवत गुडघ्यापर्यंत वाढू देत नव्हता. काडी आडवी धावावी म्हणून तो विळा मारतच होता. आता पद्धत बदलली. पहिल्या दिवसापासून जमीन पूर्ण झाकलेली आहे, रोप बाल्यावस्थेतलं नाही, वाफ्यात वाढून, नियमाने कापणी घेऊन तयार झालेलं पूर्ण वाढीचं गवत आहे. विळ्याचा भाग विसरला गेला, यंत्राची बंदी तेवढी शिल्लक राहिली.

आता त्या तीन महिन्यांत काय घडतं ते पाहू. जूनमध्ये अंथरलेलं बर्म्युडा जुलै-ऑगस्टच्या पावसात झपाट्याने वाढतं. न कापलेलं गवत वर जातं, तसा त्याचा हिरवा भागही वर जातो. वरच्या पानांची सावली खाली पडते, खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि ती पिवळी पडून गळतात. बुंध्यापाशी जे नवे फुटवे यायचे ते अंधारात येत नाहीत, आलेले टिकत नाहीत. काड्या लांबट, कडक होतात, तुऱ्याला येतात. वरून पाहणाऱ्याला हिरवागार, लुसलुशीत गालिचा दिसतो आणि तो खुश असतो. हाताने गवत बाजूला सारून बघितलं तर खाली वाळक्या काड्यांचा, ओलसर, कोंदट थर असतो. पावसाळ्यात पानं रात्रंदिवस ओली आणि हवा खेळत नाही, म्हणजे बुरशीला आयतंच घर. हिरवळीवर गोल गोल तपकिरी चट्टे उठायला लागतात ते याच काळात, आणि त्यावर ठेकेदार फोनवर उपाय सांगतो : पाणी वाढवा.

मग तीन महिने भरतात. मशीन येतं. एव्हाना वीतभर, म्हणजे वीसेक सेंटिमीटर झालेलं गवत चार सेंटिमीटरवर आणलं जातं. पाचातले चार भाग उडाले. उरला तो भाग हिरवा नसतोच, त्या वाळक्या काड्यांचे खुंट असतात. सकाळपर्यंत हिरवी असलेली जागा संध्याकाळी गवताच्या छपरासारखी दिसते. सभासद हळहळतात आणि म्हणतात, बघा, अजून कापायला नको होतं. निष्कर्ष नेमका उलटा निघतो. नुकसान कापण्याने झालं हे खरं, पण ते इतकं प्रचंड झालं कारण आधी कापलं नव्हतं.

हे निव्वळ माझ्या डोळ्यांचं मत असतं तर एवढ्या जोराने मांडलं नसतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ साली गवतांच्या मुळांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. वेगवेगळ्या गवतांची पानं वेगवेगळ्या प्रमाणात कापून त्यांनी खाली मुळांचं काय होतं ते पाहिलं. एका कापणीत पानांचा ४० टक्के किंवा त्याहून जास्त भाग गेला तर बहुतेक गवतांच्या मुळांची वाढ थांबली. बरंचसं पान एकदम कापलं तेव्हा ती सहा ते अठरा दिवस थांबून राहिली, आणि थांबायला एक दिवससुद्धा लागला नाही. त्याहून कमी कापलं तेव्हा मुळं वाढत राहिली. हिरवळीची निगा राखणारे जगभर जो नियम पाळतात, एका वेळी एक-तृतीयांशाहून अधिक पान कापायचं नाही, त्याला या निष्कर्षांचा भक्कम आधार आहे. "मुळं धरू देत" म्हणून जे तीन महिने थांबतात, ते शेवटी एका दुपारी मुळांची वाढ ठप्प करणारी कापणी करतात. मुळांची काळजी असेल तर सहा सेंटिमीटरचं गवत चारवर आणा, आठवड्याने पुन्हा आणा, पुन्हा आणा. प्रत्येक वेळी मुळांना काम चालू ठेवण्याइतकं पान मागे राहतं.

"पण कापणं म्हणजे झाडाला इजाच ना?" हा प्रश्न माझ्याशी वाद घालणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी येतो. आंब्याच्या रोपाचा शेंडा खुडला तर वाढ अडते, तसंच गवताचं असणार, असं मनात घट्ट बसलेलं असतं. गवताची घडण वेगळी आहे. त्याच्या पानाची वाढ टोकाकडून होत नाही, बुडाकडून होते, आणि नवी पानं काढणारा कोंबही कापणीच्या खाली, जमिनीलगत असतो. टोक कापलं तरी पान खालून वर सरकत राहतं. उभ्या वाढीचा जोर कमी झाला आणि बुंध्यापर्यंत उजेड पोचला की बाजूचे डोळे जागे होतात, फुटवे येतात, आडव्या काड्या धावायला लागतात आणि प्रत्येक पेरापाशी मुळं सोडतात. नव्या हिरवळीत तुकड्यांमधले सांधे बुजायचे असतात. ते बुजतात या आडव्या धावण्याने. वर वाढणाऱ्या गवताने सांधे झाकले जातात, बुजत नाहीत, आणि पहिल्या कापणीला चौकोन चौकोन पुन्हा उघडे दिसतात.

याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. शेताच्या बांधावर शेळ्या-गुरं जिथे रोज तोंड लावतात तिथली हरळी जमिनीला चिकटून, दाट, पाय ठेवला तर माती न लागावी अशी असते. कुंपणाच्या आत, जिथे जनावर पोचत नाही, तिथे तीच हरळी लांब काड्यांची, विरळ आणि खाली पिवळी. गवताचा हा वंश चरणाऱ्या जनावरांच्या दातांखाली घडला आहे. एडविन बडिंग या इंग्रजाने १८३० साली कापडाची लव कातरणाऱ्या गिरणी-यंत्रावरून कल्पना घेऊन गवत कापायचं पहिलं यंत्र बनवलं. त्याआधी इंग्लंडातली हिरवळसुद्धा मेंढ्यांनी आणि विळ्या-कोयत्यांनीच राखली जात होती. कापणी हिरवळीवर नंतर लादलेली नाही.

संकरित बर्म्युडांच्या बाबतीत तर हे अधिकच लागू. टिफग्रीन, टिफवे, टिफड्वार्फ ही जगभर गोल्फ आणि खेळाच्या मैदानांवर पोचलेली गवतं अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टन इथल्या संशोधन केंद्रातून १९५६ ते १९६५ या काळात बाहेर पडली. त्या कामामागे ग्लेन बर्टन हा माणूस होता. जे गवत वारंवार आणि आखूड कापलं तरी दाट राहतं ते निवडायचं, ही या कामाची कसोटी होती. टिफड्वार्फ गोल्फच्या मैदानावर काही मिलिमीटरवर रोज कापलं जातं आणि त्यातच खुशाल राहतं. जाता जाता सांगायला हवं, याच बर्टन यांनी बाजरीची टिफ्ट २३ ए ही नरवंध्य जात तयार केली आणि तिच्यावरून १९६५ मध्ये लुधियानाला एचबी-१ ही भारतातली पहिली संकरित बाजरी निघाली. आपल्या कोरडवाहू पट्ट्यात संकरित बाजरीचं पर्व सुरू झालं ते तिथून. ज्या माणसाने गवताचा इतका बारकाईने अभ्यास केला, त्याच्या कामातून आलेली गवतं आणून आपण त्यांना न कापता ठेवतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पहिली कापणी कशी करायची, यावर मात्र माझे आणि घाई करणाऱ्यांचेही मतभेद आहेत. कारण "लवकर कापा" एवढंच ऐकून कुणी चिखलात मशीन घातलं तर तीन महिनेवाले जिंकल्यासारखे होतील, आणि तेव्हा त्यांचं बरोबरच असेल. पहिल्या कापणीला जमिनीत वाफसा हवा. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, सोसायटीच्या माळ्याला सांगावं लागतं. एक-दोन दिवस आधी पाणी बंद करा. पावसाळा असेल तर उघडीप मिळेपर्यंत थांबा. पाऊल दाबून उचलल्यावर खड्डा राहत असेल, तर चाकानेही राहील, आणि चाक रुतलं की त्या बाजूचं पातं खाली झुकून गवत मुळापासून सोलतं. पानं कोरडी हवीत, ओली पानं गुंडाळतात आणि कापली जाण्याऐवजी फाटतात. गवत सहा सेंटिमीटरच्या आसपास आलं की यंत्राची उंची चारवर ठेवायची, त्याखाली नाही. काही कारणाने कापणी लांबली आणि गवत दहावर गेलं, तर आधी सातवर आणा, चार-पाच दिवस जाऊ द्या, मग पाचवर, मग चारवर. यंत्र हलकं हवं. वळताना जागच्या जागी गरकन फिरवायचं नाही, नव्या तुकड्यांचे कोपरे त्यानेच उचकटतात. पुढच्या वेळी आडव्या दिशेने कापा, म्हणजे गवत एका अंगाला झोपत नाही.

आणि पात्याची धार. या एका गोष्टीवर मी कितीही वेळ बोलू शकतो. कापणीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बसून गवताचं एक पान बोटात धरून टोक बघा. धारदार पात्याने कापलेलं टोक आडवं, सरळ, नीट असतं. बोथट पात्याने कापलेलं टोक चिंधीसारखं झालेलं असतं, पानाच्या शिरांचे पांढरट तंतू लोंबत असतात, आणि उन्हात ते वाळून टोक करड्या रंगाचं होतं. लाखो पानांची टोकं करडी झाली की लांबून हिरवळ आजारी, धुरकट दिसते. लोक म्हणतात खत कमी पडलं. खत कमी पडलेलं नसतं, पातं घासलेलं नसतं. प्रत्येक फाटलेल्या टोकातून पाणीही जास्त उडतं आणि बुरशीलाही वाट मिळते. सोसायट्यांत ठेकेदाराचा माणूस खांद्यावर ब्रश कटर घेऊन येतो आणि दोरीने गवत झोडपून जातो. बांधावरचं रान साफ करायला ते यंत्र उत्तम आहे. नव्या हिरवळीवर ते कधीही चालवू देऊ नका. त्याला उंची लावता येत नाही, माणसाच्या हाताच्या हेलकाव्यावर गवत कधी पाचवर तर कधी जमिनीसकट जातं. तेच यंत्र सकाळपासून चार सोसायट्या फिरून आलेलं असतं, त्याच्या खाली चिकटलेल्या चिखलात लव्हाळ्याच्या गाठी आणि आधीच्या लॉनचा रोग असतो. यंत्र आत येण्याआधी खालून धुवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे.

कापलेलं गवत झाडून पोत्यात भरून फेकून देण्याची जी पद्धत आहे तीही सोडावी. वेळेवर कापलं तर तुकडे एवढे बारीक असतात की ते खाली झिरपून दोन-चार दिवसांत कुजतात आणि त्यातलं नत्र गवतालाच परत मिळतं. गठ्ठे पडले तरच उचलावेत.

आता सल्ल्याच्या दुसऱ्या भागाकडे येतो, कारण "सकाळ-संध्याकाळ पाणी" हा भाग पहिल्याइतकाच घातक आहे आणि त्याची किंमत फक्त गवत मोजत नाही. पहिल्या दहा-बारा दिवसांत वारंवार पाणी लागतं हे कबूल. मुळं तुटलेली असतात, बोटभर माती उन्हात तासाभरात सुकते. पण कोपरा उचलत नाही अशी अवस्था आली की पाण्याची पद्धत बदलायलाच हवी. रोज दोनदा शिंतोडे मारले की वरचा इंचभर थर कायम ओला राहतो, मुळांना खाली जाण्याचं कारण उरत नाही आणि ती वरच पसरतात. मग मे महिन्यात टँकर दोन दिवस आला नाही तर अख्खी हिरवळ मान टाकते. एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, पुढे चार-पाच दिवसांनी पण वीतभर खोल ओल जाईल इतकं, असं पाणी लांबवत न्यायचं. ओल कुठपर्यंत गेली हे बघायला लांब स्क्रू ड्रायव्हर मातीत खुपसा. जिथे तो अडकतो तिथे ओल संपली. तुकड्याची काळी चिकण माती आणि खाली ठेकेदाराने पसरलेली भुसभुशीत लाल माती यांच्या सांध्यावर पाणी पुष्कळदा अडून बसतं. वर पचपच आणि खाली कोरडं ठणठणीत. वरून बघणाऱ्याला हे कळत नाही. आणि पार्किंगच्या स्लॅबवर फूटभर माती टाकून केलेल्या लॉनला दिवसातून दोनदा पाणी घालणं म्हणजे खालच्या मजल्यावरच्या गाड्यांना अंघोळ घालणं आहे.

हिशेब करून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळ दिवसाला अंदाजे पाच मिलिमीटर पाणी उडवते असं धरलं, तर १०० चौरस मीटरच्या, म्हणजे हजारेक चौरस फुटांच्या लॉनची दिवसाची गरज ५०० लिटर झाली. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हा पुरवठ्याचा मान्य निकष आहे. म्हणजे ही जवळजवळ चार माणसांची तहान, अंघोळ, धुणं-भांडी. आता पाइपमधून मिनिटाला वीस लिटर पाणी येत असेल आणि माळी सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास उभा राहत असेल, तर १,२०० लिटर गेले. सातशे लिटर वाया. शिवाय उंच वाढलेल्या गवताला पानं जास्त, त्यांच्या वरच्या भागाला वारा जास्त लागतो, तेव्हा न कापलेली हिरवळ कापलेल्यापेक्षा जास्तच पाणी उडवते. न कापणं आणि भरमसाट पाणी हे दोन्ही सल्ले एकमेकांचं नुकसान वाढवतात.

इथे तिसरा आवाज येतो, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो : मुळात लॉन हवंच कशाला? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले, कारण दुष्काळात मैदानांवर ओतलं जाणारं पाणी हा त्या याचिकेचा मुद्दा होता. ज्या राज्यात असं घडलं तिथे शोभेच्या हिरवळीला पाणी मागताना लाज वाटली पाहिजे, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. जिथे कुणी चालत नाही, मुलं खेळत नाहीत, नुसती पाटी लावून "हिरवळीवर चालू नये" असं लिहिलं आहे, तिथे लॉन नकोच. तिथे देशी झुडपं लावा. पण मुलांना पडायला, म्हाताऱ्यांना अनवाणी चालायला शहरात मऊ जमीन उरलेली नाही, आणि फरशीवर व प्लॅस्टिकच्या गवतावर मे महिन्यात पाय ठेवता येत नाही, हेही खरं आहे. अशा ठिकाणी लहानशी, वापरातली हिरवळ असावी. ती मार्च ते मे या काळात अंथरू नये, जूनच्या तोंडाशी अंथरावी. सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी तिला द्यावं. आणि तिला वेळेवर कापून दाट, खोल मुळांची करावी, म्हणजे तिची तहानच कमी होईल. पाण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तर तीन महिन्यांच्या सल्ल्याविरुद्ध माझ्या आधी उभं राहायला हवं. मेलेली हिरवळ पुढच्या वर्षी पुन्हा अंथरली जाते, आणि पहिल्या पंधरवड्याचं वारंवार पाणी पुन्हा पहिल्यापासून लागतं.

लग्नाच्या लॉन्सवाल्यांची अडचण मला समजते. तुळशीचं लग्न झालं की तारखा सुरू, आणि सप्टेंबरात अंथरलेल्या गवतावर नोव्हेंबरात हजार माणसं आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तिथे मालक म्हणतो, लांब वाढू दे, म्हणजे तुडवलं तरी टिकेल. टिकत नाही. लांब, मऊ, खालून पिवळं गवत एका पंगतीत आडवं होतं आणि त्याखाली बुंधे सडतात. त्याच दोन महिन्यांत सहा-सात वेळा कापून दाट केलेलं गवत पाय सोसतं. दोन कार्यांच्या मध्ये त्याला आठवडाभर मोकळीक द्यावी लागते, एवढंच.

लाल मातीबद्दल थोडक्यात. अंथरून महिना झाला की लॉनवर लाल मातीचा जाड थर पसरण्याची पद्धत आहे. खळगे बुजवायला चाळलेली पोयटा माती चिमूट-चिमूट टाकणं वेगळं आणि पानं दिसेनाशी होतील इतकी माती ओतणं वेगळं. दुसऱ्याने गवताचा बुंधा गाडला जातो आणि न चाळलेल्या मातीतून लव्हाळा येतो, जो पुढे वर्षानुवर्षं जात नाही. खताचंही तसंच. पहिल्या दोन कापण्या होईपर्यंत युरियाची गरज नाही. नंतर १०० चौरस मीटरला साधारण एक किलो, कोरड्या पानांवर सारखा फेकून लगेच पाण्याने खाली उतरवायचा. ओल्या पानांवर पडलेला दाणा पान जाळतो.

शेवटी ठेकेदारांविषयी, कारण तीन महिन्यांच्या सल्ल्यात त्यांचा सोयीचा भाग आहे आणि तो बोलून दाखवायला हवा. अंथरण्याचे पैसे एकदा मिळाले की पहिली कापणी म्हणजे त्यांच्या दृष्टीने यंत्र, माणूस आणि टेम्पोचा खर्च. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत तर ठेकेदाराने "मध्ये मशीन लावलंत तर गॅरंटी संपली" असं लिहूनच दिलं होतं. तीन महिन्यांनी पिवळे चट्टे दाखवले तेव्हा तो पाणी कमी पडलं म्हणाला आणि सोसायटीने दुसऱ्यांदा पैसे मोजले. हे टाळता येतं, आणि ते कोटेशनच्या कागदावरच टाळता येतं. अंथरण्याच्या दरातच पहिल्या तीन कापण्या धरायला सांगा. पहिली कापणी कोपरा उचलून बघितल्यावर, तुमच्या माणसासमोर, धार लावलेल्या पात्याच्या हलक्या मशीनने, चार सेंटिमीटरवर. दुसरी आणि तिसरी त्यानंतर आठ-दहा दिवसांच्या अंतराने. ब्रश कटर चालणार नाही असं स्पष्ट लिहा. पाणी कोणत्या आठवड्यात किती दिवसांनी द्यायचं याचा तक्ता ठेकेदाराकडून सहीसह घ्या आणि पंप रूमच्या भिंतीवर लावा. बिलाचा शेवटचा हप्ता तिसरी कापणी होईपर्यंत हातात ठेवा, आणि त्या दिवशी सांधे बुजलेले दिसले तरच चेक फाडा.